उठावन्याचं टेबल

बाबा, मी एका जिवंत माणसाला मारलं. आमच्या न्यूज पोर्टलवर, सकाळी साडेदहाला, फोटोसकट. गणिताचे सर, ज्यांच्याकडे तुम्ही मला आठवीत शिकवणीला घातलं होतं आणि जे दर रविवारी पेपरातल्या चुकांवर खुणा करून तुमच्याशी भांडायला यायचे, ते वारले असं मी लिहिलं आणि बटण दाबलं. सर ठणठणीत होते. आता घराबाहेर पडत नाहीत, असं ऐकते. याला तीन आठवडे झाले आणि मी रोज कोणावर तरी चिडते आहे. आज तुमची पाळी.

पंचवीस वर्षं तुम्ही त्या हिंदी पेपरात उठावन्याच्या टेबलावर बसलात. आपल्या इंदूरमध्ये माणूस गेला की तिसऱ्या दिवशीच्या बैठकीची सूचना पेपरात द्यायची आणि अर्ध्या शहराने सकाळच्या चहाबरोबर आधी तोच कॉलम वाचायचा. शाळा सुटली की मी तुमच्याकडे यायची आणि खिडकीखालच्या बाकावर गृहपाठ करत बसायची. माणसं येतात, डोळे सुजलेले, हातात मजकुराची चिठ्ठी आणि एक फोटो. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवता आणि विचारता, "आपने खुद देखा है?" समोरचा गोंधळतो. "पिताजी हैं मेरे, साहब." "वो तो ठीक है. आपने देखा, कि फोन आया?" फोन आला म्हटलं की तुम्ही त्या घरचा किंवा शेजारचा दुसरा नंबर मागता आणि तिथेच, त्याच्या समोर, लावता. सियागंजातला एक व्यापारी, ज्याची आई गेली होती, एकदा तुमच्या अंगावर धावून आला. तुम्ही डायल फिरवत राहिलात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटलं, आपला बाप दगड आहे.

आमच्याकडे टेबलच नाही. सगळ्यांच्या मांडीवर लॅपटॉप, आणि तिशीतला मालक, ज्याला सगळे भिया म्हणतात. भिया वाईट नाही. वाढदिवसाला केक आणतो, माझ्यापुढे सिगरेट ओढत नाही. त्याला फक्त सगळं सगळ्यांच्या आधी हवं असतं. त्या दिवशी गुरुपौर्णिमा होती. शाळेच्या जुन्या मुलांच्या ग्रुपवर कोणीतरी सरांचा फोटो टाकला. गेल्या वर्षीच्या सत्काराचा फोटो, पण त्याने फुकटच्या ॲपमधून त्याला चंदनाच्या हाराची चौकट लावलेली, रंग काढून काळापांढरा केलेला, खाली 'शत शत नमन'. प्रेमानेच केलं असणार. पहिल्या चार जणांनी 'नमन' लिहिलं. पाचव्याने 'ॐ शांति' लिहिलं. मग काय, रांगच लागली. भियाचा मेसेज आला, "मैडम, ये तो आपके सर हैं ना? डालो जल्दी, दूसरे चला देंगे." मला सगळं माहीत होतं, बाबा. आज गुरुपौर्णिमा आहे हे माहीत होतं. पण त्याच सकाळी मी तुमच्या फोटोला हार घालून निघाले होते, आणि हार घातलेला फोटो म्हणजे काय, हे आपल्याकडे कोणी कोणाला विचारत नाही. सरांचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. पंधरा वर्षांत बदललेला नाही. मी चार ओळी लिहिल्या, दुसरी जरा हळवी केली, आणि दाबलं.

पुढचं मला सरांच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्या वर्गमैत्रिणीने सांगितलं. सर नळाचा वॉशर आणायला सियागंजला गेले होते, फोन घरी चार्जिंगला लावून. काकू पोळ्या करत होत्या. शेजारच्या बायका रडतच आत आल्या आणि त्यांनी काकूंना फोन दाखवला. काकू म्हणाल्या, "अहो, ते तर आत्ता गेलेत, वॉशर आणायला." बायकांना वाटलं, रस्त्यातच काही झालं असणार. त्यांनी गॅस बंद केला, काकूंना भिंतीला टेकवून खाली बसवलं, आणि एकीने त्यांच्या हातातल्या बांगड्या उतरवायला घेतल्या. काकूंनी उतरवू दिल्या. इंटरनेटवर होतं ना, फोटोसकट. चाळीस मिनिटांनी सर रिक्षातून उतरले. जिन्यात चपलांचा ढीग, वरून रडण्याचा आवाज. सरांना वाटलं, काकू गेल्या. ते जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसले ते उठलेच नाहीत. दोघांनी धरून वर नेलं तेव्हा वॉशरची पुडी मुठीत तशीच होती. त्यानंतर ते जिना उतरलेले नाहीत. काकू बाजारात निघाल्या तरी विचारतात, "कशाला जातेस?" आणि मैत्रिणीला त्यांनी एवढंच विचारलं, की ज्याने कोणी लिहिलं त्याने एक फोन का नाही केला. तिने माझं नाव सांगितलं नाही. तिचे उपकार मानावेत की तिचाही राग यावा, मला कळत नाही.

आम्ही ती बातमी काढून टाकली. मी भियाला म्हटलं, खंडन घालू, माफी मागू. तो म्हणाला, "खंडन डालोगे तो जिसको नहीं पता, उसको भी पता चल जाएगा. डिलीट मार दिया ना, बात खतम." आणि वर, हे मला कधी विसरता येणार नाही, "वैसे चली बहुत अपनी वाली." मी लॅपटॉप बंद केला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडला. बात खतम कुठली व्हायला? कोणीतरी स्क्रीनशॉट काढून ठेवलाच होता. मागच्या आठवड्यात देपालपूरहून सरांचा एक जुना विद्यार्थी आला, पांढरा कुर्ता घालून, बसने. दार सरांनीच उघडलं. तो बिचारा दारातच रडायला लागला आणि सरांनी त्याला पाणी दिलं. पुसलं गेलं असं फक्त पुसणाऱ्याला वाटतं.

मला हातोद गावचा तो दिवस आठवतो. मी चौथीत असेन. दोन भावांतला थोरला गेला आणि तुमच्या कॉलममध्ये धाकट्याचं नाव छापून आलं. चूक कंपोझिंगची होती, तुमची नव्हती. दुसऱ्या दिवशी सातव्या पानावर दोन ओळींची भूलसुधार आली, मुंगीएवढ्या अक्षरात. तरी तुम्ही लूना काढलीत, मला मागे बसवलंत, कारण आई कामावर होती. हातोदच्या त्या अंगणात वीस-पंचवीस माणसं बसली आहेत. धाकटा भाऊ उठतो, तुमच्या तोंडासमोर हात नाचवतो. "ले, हाथ लगा के देख ले, जिंदा हूं कि नहीं." तुम्ही हात जोडून उभे. "गलती मेरी टेबल की है," एवढंच म्हणता. कंपोझिंगचं नाव काढत नाही. कोणी बसा म्हणत नाही. ऊन डोक्यावर आहे, माझे पाय पोळत आहेत, आणि माझा बाप चार लोकांत असा वाकतो आहे म्हणून मला तुमचाच संताप येतो आहे. बऱ्याच वेळाने आतून चहा आला. तुम्ही उभ्याउभ्याच प्यायलात. परत येताना मी विचारलं, छापून तर आलं होतं ना, मग कशाला गेलो? तुम्ही म्हणालात, "छापलेलं पुसता येत नाही गं. म्हणून जावं लागतं."

तेव्हा तुमच्या पेपरचे फार गोडवे गाऊ नका. त्या मुंगीएवढ्या अक्षरांचा पेपर तुमचाच होता. आपल्या वस्तीतला नाला तीन पावसाळे घरात शिरला, तुम्ही स्वतः बातमी लिहून वर दिलीत, आणि ती कधी आली नाही, कारण नगरसेवकाच्या जाहिराती पहिल्या पानावर असायच्या. पोळीचा तुकडा मोडून गप्प जेवलात. परवा त्याच नाल्याचा व्हिडिओ गल्लीतल्या एका मुलीने टाकला तर चौथ्या दिवशी जेसीबी आला. तिला कोणाच्या केबिनबाहेर ताटकळावं लागलं नाही. मला ते बघून इतका आनंद झाला की मी तिच्या घरी पेढे घेऊन गेले. म्हणजे तुमचं सगळं सोनं आणि आमचं सगळं शेण, असं मी म्हणणार नाही. पण तुम्ही मला तुमचं लाल-निळं पेन दिलंत, माझ्या पहिल्या लेखातल्या 'असं म्हणतात' खाली लाल रेघ ओढून "कोण म्हणतात? कुठे राहतात?" असं झापलंत, आणि एवढं सगळं शिकवून जी एक गोष्ट लागणार होती ती माझ्या अंगात उतरवलीच नाहीत. तुम्हाला पुसता येत नव्हतं म्हणून तुम्ही जात होतात. मला पुसता येतं. मग मी कशी जाऊ? हे कोणी शिकवायचं होतं?

पेढे द्यायला गेले, पाहा. सरांच्या गल्लीत दोनदा गेले. पहिल्यांदा कोपऱ्यावरच्या पोह्याच्या दुकानापासून परतले. दुसऱ्यांदा जिन्यापर्यंत पोचले. तिसरी पायरी दिसत होती. वरून कुकरची शिट्टी झाली आणि मी चक्क पळाले, सेहेचाळीस वर्षांची बाई.

तुम्हाला एक सांगायचं राहिलं. या कागदावर पहिला शब्द 'सर' होता. तो खोडून मी 'बाबा' लिहिलं, आणि मग भराभर सुचत गेलं. तुम्ही दार उघडणार नाही, हे मला माहीत होतं. सर उघडतात.