आधी तुझी रोटी होऊ दे

आत्याबाई, मी तुमची सून. आधीच सांगून टाकते, कारण तुमचा काही भरवसा नाही. जिवंत होता तेव्हा मला हाक मारताना आधी नणंदेचं नाव यायचं, मग शेजारणीचं, मग गोठ्यातल्या म्हशीचं, आणि म्हशीनं वळून पाहिलं की मग माझं. चहात साखर टाकली की नाही ते आठवत नसे म्हणून तुम्ही ती दोनदा टाकायच्या, आणि आम्ही सगळे मुकाट्यानं तो पाक प्यायचो. पण तुम्ही स्वयंपाकाला होत्या त्या जंगल खात्याच्या बंगल्यावर कोणत्या साहेबाला अंड्याचं पिवळं वाहतं लागतं आणि कोणाला घट्ट, कोणाच्या पावाची कड कापायची आणि कोणाची ठेवायची, हे मात्र तुम्ही कधी विसरल्या नाही. म्हणून म्हणते, तुमचं विसरणं मोठं सोयीचं होतं.

हे मी बोलते आहे आणि माझी नात, लेकाची पोरगी, लिहिते आहे. मला अक्षर येत नाही, तुम्हालाही येत नव्हतं, तेवढ्या एका बाबतीत आपण बरोबरीच्या. लिहायला बसताना नातीनं विचारलं, "आजी, तू बोलतेस तसंच लिहू, का पुस्तकातल्यासारखं?" मी म्हटलं, "पुस्तकातल्यावानी लिही. त्यायले बंगल्याची सवय हाय." तेव्हा शब्द गुळगुळीत वाटले तर ते तिचे समजा, आणि टोचले तर माझे.

गोष्ट माझ्या लेकीची आहे. तुमच्या लाडक्या नातीची म्हणा, तुमची काय आणि माझी काय. ती आता जपानात असते. नवरा-बायको दोघंही कंप्युटरचं काम करतात. लहानपणी भाताला किती कंटाळायची ते तुम्हाला आठवत असेल, नसेल तर मी सांगते. सकाळी शिळा भात, दुपारी भात, रात्री भात, आणि दारातून बाहेर पाहिलं तर तळ्यापर्यंत धानाच्या बांध्या. "आपल्या गावात दुसरं काही उगवतच नाही का," म्हणून रडायची. ती आपल्या एकोडी गावातून निघाली, नागपूर झालं, पुणं झालं, समुद्र ओलांडला, आणि पोचली कुठं, तर जिथले लोक सकाळी उठल्याबरोबर भात खातात. वर मासा आणि वाटीभर पातळ कालवण. हे ऐकून मी फोनवर इतकी हसले की पदर तोंडात धरावा लागला. म्हटलं, "पोरी, एवढं दूर कायले गेली वो? घरीच राह्यली असती तर तिकिटाचा खर्च वाचला असता."

पण तिला हसू येत नाही. तिला साहेबी नाश्ता पाहिजे. भाजलेला पाव, लोणी, अंडं, किटलीतला चहा. सुट्टीच्या दिवशी ती आणि जावई गावभर तेच शोधत हिंडतात, आणि मग फोनवर मला दाखवते. एका ठिकाणचा पाव उशीएवढा जाड. दुसऱ्या ठिकाणी पावावर गोड शिजवलेली लाल चवळी फासलेली. ती मला पाहूनच आवडली, तिला नाही. एकदा तर मोठ्या हॉटेलात गेले, तिथं म्हणे गोरे लोकच जेवायला येतात, म्हणजे पाव खराच असणार. अंडंही तुम्ही करायच्या तसंच, पिवळं न फुटलेलं, कड जाळीदार. जावयाला ते फार आवडलं. ही म्हणाली, "छान आहे, पण हे ते नाही."

ते म्हणजे काय, हे मला तेव्हाच कळलं होतं. तरी मी विचारलं, "मंग कोणतं पाहिजे तुले?" माणूस दुखऱ्या दातावर जीभ फिरवतो तसं.

"आजीचं," ती म्हणाली.

आत्याबाई, तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षांच्या वर झाली. पितृपक्षात तुमचं पान मी वाढते, वडे मी तळते, खीर मी आटवते, कावळा लवकर आला नाही तर छपराखाली उन्हात मान वर करून मीच उभी राहते. लेकीच्या बाळंतपणात डिंकाचे लाडू मी केले. परदेशी जाताना तिच्या बॅगेत लाखोळीची डाळ, जवसाची चटणी आणि कोहळ्याच्या वड्या मी भरल्या, आणि त्या तिनं शेजारणींना वाटून टाकल्या. आणि भूक लागते तेव्हा आठवण कोणाची, तर तुमची. माझ्या हातचं तिला काही आठवतच नाही असं नाही. "आईच्या हातचं सगळंच छान असते," असं ती म्हणते. सगळंच छान म्हणजे एकही नाही.

मग तिनं विचारलं, "आई, आजी तो पाव कशी भाजायची वो? त्याले एक वास यायचा. मी इथं चार मशिनी बदलल्या, तो वास येतच नाही. सांग ना."

मी म्हटलं, "मले काय माहीत? तुही आजी जाणे." आणि पोहे जळून राहिले म्हणून फोन ठेवला. चुलीवर पोहे नव्हते. चूलच पेटलेली नव्हती.

त्या दिवसापासून मला आपलं मागचं अंगण दिसतं आहे. तुम्ही बंगल्यावरून उरलेला पाव फडक्यात बांधून आणलेला आहे. साकोलीच्या बेकरीचा, दोन दिवसांचा, दगडासारखा. लोण्याचा गोळा वाटीत. सकाळ आहे. चूल मी पेटवलेली, गोवऱ्या मी थापलेल्या, फुंकणीनं डोळे माझे लाल. मी तांदळाचं पीठ मीठ घालून कोमट पाण्यात मळते, पळसाच्या पानावर थापते, वरून दुसरं पान ठेवते आणि ती पानरोटी निखाऱ्यावर सरकवते. पान करपतं, त्याची राख होऊन विस्तवावर पडते, हिरवा-कडवट धूर निघतो. पान सोलून काढलं की रोटीवर शिरांची नक्षी उमटलेली असते. लेक जवळ बसून ती नक्षी बघते, बोटानं खरवडते आणि म्हणते, "जळकी आहे. मले नाई पाह्यजे." आणि तुमच्याकडे सरकते.

आणि तुम्ही. हातात तारेचा लांब चिमटा, त्यात पावाचा तुकडा, पण घाई अजिबात नाही. मी म्हणत असे, "आत्याबाई, तुम्ही भाजून घ्या पहिले, पोरगी उपाशी हाय." तुम्ही म्हणायच्या, "आधी तुझी रोटी होऊ दे." रोज. माझी शेवटची रोटी निघाली की तुम्ही पुढं सरकायच्या आणि माझ्या तयार निखाऱ्यावर तुमचा पाव धरायच्या. मला वाटायचं, वा रे मालकीणबाई. धूर सुनेनं खायचा, विस्तव सुनेनं फुलवायचा, आणि आयत्या निखाऱ्यावर नातीचा लाड तुम्ही करायचा. पावावर लोणी वितळतं आहे, लेक तुमच्या मांडीला टेकून खाते आहे, बोटं चाटते आहे, आणि माझ्या रोट्या टोपलीत थंड होत आहेत. तुम्ही मला विचारायच्या, "तू घेतेस का वो एक?" मी म्हणायची, "नाई, आमाले नाई चालत साहेबी." तुम्ही होत्या तोवर मी तुमचा पाव एकदाही खाल्ला नाही. कडही नाही.

तर परवा मी या लिहिणाऱ्या नातीला म्हटलं, कॉलेजातून येताना साकोलीहून पाव आण, कापलेला नको, सबंध आण. ती म्हणाली, "आजी, तुला काय झालं?" मी म्हटलं, भूक झाली. दोन दिवस पाव वाळू दिला. मागची चूल आता फक्त अंघोळीच्या पाण्यापुरती पेटते, तिच्यावर गोवऱ्या रचल्या आणि नुसत्या निखाऱ्यावर एक तुकडा भाजला. नातीनं खाल्ला आणि म्हणाली, "ठीक आहे." ठीक आहे हा शब्द मला चांगला ओळखू येतो. मग कोणास ठाऊक काय मनात आलं, आज चूल पेटलीच आहे तर पीठ मळून आपली एक रोटी टाकू म्हटलं. पळसाची पानं पावसानं अजून मोठाली आहेत. रोटी झाली, पान जळून विस्तवावर पडलं, आणि त्यावर मी पावाचा दुसरा तुकडा धरला.

वास आला, आत्याबाई. तुम्ही पाठीमागं येऊन उभ्या राहिल्यासारखा आला. मी मागं वळूनही पाहिलं, आता वय झालं आहे, लाज कसली.

तो तुमच्या पावाचा वास नव्हताच. तो माझ्या पानाचा होता. लेक ज्याला जळकं म्हणून दूर सारायची, तेच पावाला लागलं की तिला गोड लागायचं, आणि तेच शोधत ती जपानातल्या हॉटेलांतून हिंडते आहे, चार-चार मशिनी बदलते आहे. साहेबी नाश्त्यात पळसाचं पान कोण जाळणार? बंगल्यावरच्या साहेबांनाही ते मिळालं नसेल, तिथं तुम्ही कोळशावर भाजायच्या.

मी तिथंच पाटावर बसून खूप वेळ खूश होते. मनात म्हटलं, जिंकले. इतक्या वर्षांनी का होईना. नात म्हणाली, "आत्ताच फोन लाव, सांग तिला." मी फोन हातात घेतलासुद्धा. आणि तेव्हा मला तो तापाचा दिवस आठवला.

मला हिवताप भरला होता, चार दिवस मी खाटेवर. ओसरीतून चूल दिसायची. तुम्ही चूल पेटवली, पाव काढला, चिमटा घेतला, आणि मग तो खाली ठेवून उठल्या. काठी टेकत मागच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर गेल्या, तुमचे गुडघे तेव्हा दुखायचे तरी गेल्या, आणि पळसाची पानं घेऊन आल्या. दोन पानं तशीच, कोरी, विस्तवावर टाकली. मी खाटेवरून विचारलं, "आत्याबाई, पानं कायले जाळता?" तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "माशा लय झाल्या वो." आणि धूर निघाला तसा पाव धरला.

माशा. पौषात.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. आधी तुझी रोटी होऊ दे, हे का म्हणत होता ते तुम्हाला पक्कं माहीत होतं. साखर विसरली, माझं नाव विसरलं, पण हे तुम्ही विसरल्या नाही आणि कोणाला सांगितलंही नाही. लेक तुमच्या मांडीवर बसून "आजीचा पाव सगळ्यात भारी" म्हणायची तेव्हा एकदा, फक्त एकदा, म्हणायला काय जात होतं तुमचं, की बाई, यात तुझ्या मायचं पान आहे. मी रात्रभर चिडून होते. सकाळी राग थोडा उतरला, तेव्हा दुसरं मनात आलं. माझ्या रोटीवाचून तुमचा पाव होत नव्हता, हे जाणूनच रोज तुम्ही पाव घेऊन माझी वाट बघत बसायच्या. इतकी वाट माझी दुसऱ्या कोणी पाहिलेली मला आठवत नाही. पण म्हणून माझा राग सगळा गेला असं समजू नका.

लेकीला मी अजून सांगितलं नाही. नात रोज टोकते, "काहून नाही सांगत?" तिला कसं सांगू, की सांगितलं तर लेक काय म्हणेल ते मला आत्ताच ऐकू येतं. म्हणेल, "बघ, आजी किती हुशार होती, पान जाळून पाव भाजायची." पुन्हा तुमच्याच नावावर जाईल. आणि तिनं तसं म्हणताना तिचा आवाज असा मऊ होईल, की मला तो मोडवणारही नाही.

म्हणून हे पत्र तिला नाही, तुम्हाला. आणि तुम्हालाही पाठवायचं नाहीच, तुम्ही वाचणार कशा आणि मी तिथं येऊन वाचून दाखवायला अजून मला वेळ आहे. नातीनं ते घडी घालून तांदळाच्या डब्यावर ठेवलं आहे. एक गोष्ट मात्र तिला लिहायला सांगते, आधी नको म्हणणार होते. तो दुसरा तुकडा, पानाच्या धुरातला, लोणी लावून मीच खाल्ला. मग आणखी एक भाजला. चांगला होता तुमचा पाव. तेव्हाच एखादा घ्यायला पाहिजे होता.

लेक म्हणते, तुम्ही अधूनमधून तिच्या स्वप्नात येता, पदराखाली फडकं घेऊन. येताच आहात तर एवढं करा. पाव नका नेऊ, पाव तिकडे मिळतो. माझी पानरोटी न्या, मोठ्या पानातली, एका बाजूनं जास्त करपलेली. जवसाची चटणी वेगळी बांधा, नाहीतर पान ओलं होतं. लोणी लावू नका. आणि कोणी केली ते सांगू नका, ती ओळखते का बघू.