वरच्या मजल्यावरची क्लॉडेट

मंगळ., १४ जाने.
डेंटल क्लिनिकमध्ये रिसेप्शनला नेहमीची गर्दी. १०.४०च्या अपॉइंटमेंटला नाव होतं क्लॉडेट. आडनाव वेगळं, म्हणून लक्षात आलं नाही. दार उघडलं आणि ओळखलं. उंच, खांदे तसेच रुंद, केस आता अगदी बारीक कापलेले. पांढरे झालेत.

तिनंही ओळखलं. माझ्या नावानं नाही. "ग्राउंड फ्लोअर," म्हणाली. "तू ग्राउंड फ्लोअरवरची."

फॉर्म पुढे केला. तिनं शांतपणे सही केली. जाताना विचारलं, "मुलगी कशी आहे? लाल गमबूट घालून जिन्यावर उड्या मारायची ती."

सहा वर्षं झाली. सईचे गमबूट तिच्या लक्षात आहेत.

शुक्र., १७ जाने.
झोप नीट नाही. लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल. (जाणार नाही.)

तेव्हा मँचेस्टरला आलो नव्हतो. माझ्या नवऱ्याचं, श्री.चं, पहिलं पोस्टिंग, ते लहान गाव, दोन मजली घर. खाली आम्ही, वर क्लॉडेट आणि तिचा नवरा गॅरी. ती शाळेची मिनीबस चालवायची. तो गोरा, बारीक, हसतमुख. आमच्या कचऱ्याच्या बिन्स न सांगता रस्त्यावर नेऊन ठेवायचा. आम्हाला तो फार सभ्य वाटायचा. तिच्याशी मी कधी धड बोललेच नाही. आमच्या घरात तिला नावसुद्धा नव्हतं. 'वरची काळी' म्हणायचो. श्री. म्हणायचा आणि मीही म्हणायचे. पोरीसमोर.

रविवार होता, दुपार. वरून आवाज. आधीही यायचे, पण त्या दिवशी काहीतरी जड पडलं आणि ती ओरडली. मग धप, धप, धप. ती "माय हँड, गॅरी, माय हँड" म्हणत होती. स्पष्ट ऐकू आलं.

मी टीव्ही लावला. आवाज वाढवला. सईला जवळ घेऊन बसले.

थोड्या वेळानं पोलीस आले. गॅरी पायरीवर बसलेला, हळू आवाजात बोलत होता. ती दारात उभी राहून ओरडत होती, हात सुजलेला. बेड्या तिलाच घातल्या. ऑफिसरनं माझं दार वाजवलं. काही ऐकलंत का?

"नाही. टीव्ही चालू होता."

मी हळू बोलले, अदबीनं. त्याला खरं वाटलं.

रवि., २६ जाने.
क्लॉ.ची दुसरी अपॉइंटमेंट होती शुक्रवारी. लंच ब्रेकला बाहेर भेटली. मुद्दाम थांबली होती.

गॅरीला तिनं त्याच वर्षी सोडलं. एक सूटकेस घेऊन बहिणीकडे आली, इकडे मँचेस्टरला. आता बेकरीत काम करते. मिनीबस गेली. पोलीस स्टेशनमध्ये म्हणाले, कॉशन घे, म्हणजे लेखी ताकीद, सही कर, घरी जा. तेरा तास बसवलं होतं, हात ठणकत होता, तिनं सही केली. सही म्हणजे गुन्हा कबूल. नवऱ्यावर हल्ला केल्याचा. शाळेच्या कामाला रेकॉर्ड तपासतात, त्यात ते निघतं. झालं.

फिल्म करतेय त्यावर. कम्युनिटी सेंटरमध्ये कोर्स केला, कॅमेरा तिथलाच. मी म्हटलं, कुणी डिरेक्टर वगैरे? म्हणाली, "मीच. दुसऱ्यांनी माझ्याबद्दल पुरेसं लिहून ठेवलंय."

मग सरळ विचारलं. "तू ऐकलं होतंस. कॅमेऱ्यासमोर सांगशील?"

बघते म्हटलं. बघते! काय बघायचंय आता.

शनि., ८ फेब्रु.
गेले. श्री.ला सांगितलं नाही, ट्रॅमनं एकटी गेले.

तिचं किचन छोटं. खिडकीत पुदिना. कॅमेरा स्टँडवर, मला खुर्चीवर बसवलं, दिवा सरकवला. तिनं लाल बटण दाबलं आणि मी सुरू केलं, क्लॉडेट, आय ॲम सो सॉरी, इतकी वर्षं मला...

तिनं बंद केलं. "माफी नको. ती तू तुझ्यासाठी मागतेयस. काय ऐकलं ते सांग."

पुन्हा. ऐकलेलं सांगितलं. धप किती वेळा, ती काय म्हणाली, किती वाजले असतील. ती कॅमेऱ्यामागे उभी, चेहरा दगडासारखा. मग विचारलं, "टीव्ही आधीपासून चालू होता?"

"नाही."

"मग का लावलास?"

मी खिडकीतल्या पुदिन्याकडे पाहिलं. तिनं घाई केली नाही.

"कारण ऐकू येत होतं."

बऱ्याच वेळानं तिनं बटण दाबलं. चहा केला. तिच्या हाताची दोन बोटं अजून पूर्ण वळत नाहीत, कप धरताना दिसलं. तिनं पाहिलं मी पाहतेय ते. लपवलं नाही हात.

निघताना म्हणाली, "म्रिनल, हे करून आपण मैत्रिणी झालो असं समजू नकोस." मी म्हटलं, नाही समजत. "पण पुढच्या वेळी केक आण," म्हणाली.

रवि., ९ फेब्रु.
श्री.ला सांगितलं. भडकला. एवढा भडकलेला कधी पाहिला नव्हता.

"या वर्षी सिटिझनशिपचा फॉर्म भरायचाय. गुड कॅरेक्टर विचारतात त्यात! आणि तू कॅमेऱ्यासमोर सांगून आलीस की पोलिसांशी खोटं बोलले?"

"बोलले होते ना पण."

"ते कुणाला माहीत होतं?"

"तिला."

यावर उठून गॅलरीत गेला. थंडीत, स्वेटरशिवाय.

सई जिन्यात उभी होती. चौदा वर्षांची आहे, सगळं ऐकलं असणार. "आई, तू पोलिसांना खोटं बोलला?"

एरवी तिचं मराठी दुरुस्त करते. आज नाही केलं. हो म्हटलं.

"बट वी वेअर देअर. मला आठवते. तू माझे कान असे धरले." तिनं दोन्ही तळवे कानांवर ठेवून दाखवले.

मला वाटत होतं मी टीव्ही लावला फक्त. तिचे कानही झाकले होते.

बुध., १९ फेब्रु.
स्टॅनमोरच्या मामांचा फोन. श्री.चे मामा, चाळीस वर्षं झाली त्यांना इथे. श्री.नंच सांगितलं असणार. "मृणाल, अगं आपण या देशात पाहुणे. यजमानांच्या भांडणात पाहुण्यानं पडू नये."

"मामा, तुम्ही कौन्सिल टॅक्स भरता ना?"

"म्हणजे काय, भरतोच."

"पाहुण्याकडून घेतात का हो तो?"

मामी मागून हसल्याचं ऐकू आलं. मामांनी फोन ठेवला. वाईट वाटलं, मोठे आहेत. पण फार नाही वाटलं.

शनि., १ मार्च
केक नेला. रव्याचा. क्लॉ.नं दोन तुकडे खाल्ले, तिसरा डब्यात ठेवला.

एडिट दाखवलं थोडं. फिल्मची सुरुवात अशी: ती तिच्या जुन्या स्कूल रूटवर बहिणीची गाडी चालवतेय. गाडी रिकामी. प्रत्येक स्टॉपला थांबते, इंडिकेटर देते, मुलाचं नाव घेते. "पोस्टबॉक्सपाशी ऑलिव्हर, नेहमी उशीर. कोपऱ्यावर जुळ्या." कुठेच कुणी चढत नाही. शाळेच्या गेटशी येते, आत जात नाही, तिथून परत वळते. बाकी काही बोलत नाही.

मग तो पोलिसांचा कागद. अर्ज करून मिळवला. मोठ्यानं वाचते. तिच्या नावापुढे 'अग्रेसिव्ह' तीन वेळा. गॅरीपुढे 'काम अँड कोऑपरेटिव्ह', म्हणजे शांत आणि सहकार्य करणारा. शेजारी: काही ऐकलं नाही.

शेजारी म्हणजे मी. एका ओळीत.

तिला विचारलं, तुला राग येत नाही? "येतो. रोज. पण मी ओरडले की ते लिहून घेतात. म्हणून आता मी शूट करते."

लॉ सेंटरमधली, फुकट कायद्याचा सल्ला देतात तिथली, एक बाई तिला मदत करतेय. रेकॉर्ड पुसून टाका असा अर्ज पोलिसांकडे करता येतो. माझं स्टेटमेंट जोडायचं. लेखी, सहीनिशी. मी हो म्हटलं. श्री.ला न विचारता.

सोम., १७ मार्च
स्टेटमेंट दिलं. चार पानं. सही करताना पेन अडलं, दुसरं घेतलं.

लॉ सेंटरची बाई म्हणाली, चांगलं आहे पण सहा वर्षांनी दिलेलं, म्हणतील मैत्रीण आहे. त्या दिवसाचं काही असतं तर. पोलिसांना ज्यानं कोणी बोलावलं, त्या कॉलचं रेकॉर्डिंग वगैरे. क्लॉ. म्हणाली, त्याचा काय उपयोग, गॅरीनंच फोन केला होता. घरी परतल्यावर त्यानंच तिला सांगितलं, मीच बोलावले, पुन्हा बोलावीन.

घरी श्री.ला सगळं सांगितलं. आजकाल लपवत नाही. तो कांदा चिरत होता. गॅरीचा फोन म्हटल्यावर सुरी थांबली. काय झालं? म्हणे काही नाही.

शनि., १२ एप्रिल
स्क्रीनिंग. लायब्ररीमागच्या हॉलमध्ये, दुपारी तीनला. खुर्च्या कमी पडल्या, भिंतीला टेकून लोक. बेकरीतल्या बायका आल्या होत्या, तिच्या चर्चमधल्या, काही अनोळखी. सई पहिल्या रांगेत. श्री. येणार नाही म्हणाला होता. दिवे गेल्यावर मागे उभा दिसला.

माझा भाग आला. स्वतःचं तोंड एवढं मोठं. "कारण ऐकू येत होतं" नंतर तिनं कट केलंच नाही. माझा चेहरा तसाच ठेवलाय, किती वेळ. मान खाली घालावीशी वाटली. नाही घातली. सईनं मागे वळून मला शोधलं.

नंतर प्रश्नोत्तरं. एक गृहस्थ, कोट घातलेला: "फिल्म चांगली आहे, पण पतीची बाजू का नाही घेतली?"

क्लॉ.नं माइक हातात घेतला. "त्याची बाजू पोलिसांच्या कागदात आहे. सहा वर्षं तोच खेळ चालू आहे. आज माझा शो."

बेकरीवाल्या बायकांनी जे काही केलं त्याला टाळ्या म्हणता येणार नाही. छप्पर उडायचं बाकी होतं.

श्री. तोपर्यंत नव्हता तिथे. गाडीत बसला होता, चावी न लावता. मी आणि सई बसलो. तो समोर बघत म्हणाला, "गॅरीनं नाही केला फोन. मी केला."

मी म्हटलं काय?

त्या दुपारी तो कचरा टाकायला बाहेर गेला होता. आठवलं मला, मी चिडले होते, अशा वेळी कसला कचरा. बिन्समागे उभं राहून त्यानं पोलिसांचा ९९९ लावला. वर एक माणूस बायकोला मारतोय, लवकर या. एवढंच बोलला. नाव दिलं नाही.

"आणि ते आले आणि तिलाच नेलं. माझ्या फोनमुळे. मग कुठल्या तोंडानं सांगू?"

सहा वर्षं एका घरात राहतोय. मी त्याला भित्रा समजत होते, तो मला. दोघंही अर्धे बरोबर.

सई मागून म्हणाली, "बाबा, मग आता खरी सांग ना." कुणी दुरुस्त केलं नाही.

मंगळ., २९ एप्रिल
बरेच दिवस लिहिलं नाही. क्रमानं लिहिते.

श्री.नं क्लॉ.ला स्वतः जाऊन सांगितलं, रविवारी. मी बरोबर होते पण बोलले नाही. ती ऐकत राहिली. मग खुर्चीत बसली. "सहा वर्षं मला वाटत होतं, त्या दिवशी माझ्यासाठी कुणीच..." डोळे पुसले, मनगटानं, रागारागानं.

मग श्री.कडे वळली. "आणि मग? ते मला घेऊन जाताना तू कुठे होतास?"

"बिन्सपाशी."

"बघत?"

"हो."

"हे पण लिही," ती म्हणाली. "फोन केला तेवढंच नको. बघत उभा होतास ते पण." श्री. हो म्हणाला.

लॉ सेंटरनं कॉलचं रेकॉर्डिंग मागितलंय. इतक्या जुन्या गोष्टी ठेवतात की नाही, सापडेल की नाही, माहीत नाही. श्री.चा नंबर तोच आहे, एवढं बरं. सिटिझनशिपचा फॉर्म टेबलावर तसाच. श्री. म्हणाला, भरू, आणि हे सगळं त्यात लिहू, काय व्हायचं ते होऊ दे. मामांना कळवलेलं नाही.

आज पोलिसांकडून फोन आला, अर्ज बघणाऱ्या ऑफिसरचा. मी क्लिनिकमध्ये होते, मागच्या खोलीत जाऊन घेतला. बाई होती. आवाज कोरडा.

"मॅडम, तुम्ही त्या वेळी जे सांगितलंत त्याच्या हे पूर्ण उलट आहे. तुमच्या लक्षात येतंय का?"

"हो. म्हणूनच देतेय."

"परिणाम होऊ शकतात."

"क्लॉडेटवर झाले तेवढे होणार नाहीत."

मग तारीख दिली. पुढचा मंगळवार, अकरा वाजता, त्याच गावात, त्याच पोलीस स्टेशनात. दोघांनाही बोलावलंय, वेगवेगळं विचारणार.

संध्याकाळी श्री. मॅनेजरला सुट्टीचा मेल लिहीत होता. कारण काय लिहितोस? विचारलं. त्यानं स्क्रीन माझ्याकडे फिरवली. 'पर्सनल' लिहून खोडलं होतं. त्याजागी: साक्ष द्यायला जातोय.

क्लॉ.ला तारीख कळवली. ती बेकरीतून सुट्टी घेऊन येतेय. आत येऊ देणार नाहीत, हे तिला माहीत आहे. बाहेर फुटपाथवर उभी राहणार, समोर, कॅमेरा चालू ठेवून. मी म्हटलं, तिथे तुला हटकतील.

"हटकू देत," म्हणाली. "फुटपाथ सगळ्यांचा आहे."