गोठ्यात पाळलेली बुरशी

माय, तुझ्या तांबड्या गाईची नात परवा व्याली. कालवड झाली आणि मायलेकी दोघी ठणठणीत आहेत. हे तुला सांगायला जीव उतावीळ झालाय, कारण तांबडी गेली तो दिवस अजून डोळ्यांपुढून हलत नाही. गोचीडतापानं तिची लघवी कोऱ्या चहासारखी झाली होती. तू दावणीशी बसून तिचं तोंड मांडीवर घेतलंस आणि चूल पेटवलीच नाहीस. "गोचिडाचं औषध मीनंच फवारलं होतं," तू पुन्हा पुन्हा म्हणत होतीस. "पाणीच जास्त झालं असन माह्या हातून." सगळे समजावून थकले, पण तो दोष तू शेवटपर्यंत स्वतःकडे ठेवलास.

यंदा ही नात गाभण होती आणि तिच्या कानांत, कासेवर गोचीड भरले. तेच औषध दोनदा मारलं, तरी ते आपले जावयासारखे ठाण मांडून. मी घाबरलो. आंधळगावच्या डॉक्टरीणबाईंना आणलं. त्या म्हणाल्या, "वर्षानुवर्षं एकच विष मारलं, की त्यातून वाचलेल्या गोचिडांचीच पिलावळ वाढते. तुमच्या आईच्या वेळीही हेच झालं असणार." तुझा हात चुकला नव्हता गं माय! औषधच थकलं होतं.

बाईंनी गाईच्या अंगाला कडुनिंबाचं तेल सांगितलं आणि गोठ्याच्या भेगांत फवारायला एक भुकटी दिली. त्यात बुरशी असते. ती गोचिडाच्या अंगात रुजते आणि त्याला संपवते, गाईला काही करत नाही. वरठीहून ड्युटी संपवून आलो आणि संध्याकाळी फवारली. दुसऱ्या दिवशी परत येतो तर गोठा पांढराशुभ्र! पोळा जवळ आला म्हणून तुझ्या सुनेनं भेगाभेगांत चुना भरला होता. मी ओरडलो तर तीच माझ्यावर उलटली. "मले का मालूम, तुमी बुरशी पाळून राहिले म्हणून? लोकं चुना मारून बुरशी घालवतेत!" पोळ्याआधी चुना मारायची शिस्त तिला तूच लावलेली, आता बोलणार कोणाला? मी हसत सुटलो. पोळा झाल्यावर आम्ही दोघांनी भेगा खरवडल्या, पाण्यानं धुतल्या आणि पुन्हा फवारलं.

फरक पडायला वेळ लागला. सगळे गोचीड गेलेत असं नाही, रोज सकाळी कान, कास बघावीच लागते. पण ताप आला नाही. गाय व्यायच्या थोडं आधी एका भेगेत मेलेला गोचीड सापडला, पांढऱ्या बुरशीनं माखलेला, भाताच्या कोंड्यासारखा हलका.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? राहू दे इथेच. पण एक सांगून टाकतो. तो गोचीड दिसला तेव्हा गोठ्यात मी एकटाच होतो, आणि तोंडून मोठ्यानं निघून गेलं, "पाह्य व माय!" तुझी सून हातातलं टाकून धावत आली, "का झालं जी?" मी गाईकडे तोंड फिरवलं आणि तिचे कान चाचपत राहिलो.