दोनशे चौदा नंबरचा शिरीष

सोमवार, ३ मार्च
विद्यापीठातली शेवटची एकसष्ट झाडं तपासून उरकली. घेर मोजायचा, लाकडी हातोडीने खोडावर ठोकायचं, कान द्यायचा. ढबढब वाजलं की आतून पोकळ — लाल पट्टा! दोनशे चौदा नंबर, लायब्ररीसमोरचा शिरीष, काय टणक वाजला! हिरवा पट्टा.

मंगळवार, ४ मार्च
इंजिनियरसाहेब म्हणाले, "मॅडम, शिरीषाखाली वाचनकट्टा बांधलाय. मुलं दिवसभर बसतील. झाड पक्कं ना?" म्हटलं, "ठणठणीत!" सावली, गारवा, धूळ अडवणं — माझ्या रिपोर्टातल्या फायद्यांच्या तक्त्यात पहिला नंबर त्याचाच.

घरी बाबांना सांगितलं. तीस वर्षं तिथेच माळी होते, त्या झाडावर भारी जीव. खूश होतील वाटलं. नुसतं "हं" म्हणाले आणि चहा अर्धा टाकून उठले.

बुधवार, ५ मार्च
डोक्यात किडा वळवळतोय. शिरीषाचा शेंडा वाळलाय, पानं विरळ — आणि खोड मात्र असं वाजतं? परत गेले. चारही बाजूंनी ठोकलं. तोच आवाज.

गुरुवार, ६ मार्च
कशात लक्ष नाही.

शुक्रवार, ७ मार्च
कट्टा सोमवारपासून सुरू. बाबांना सहज विचारलं, "शेंडा का वाळत असेल हो?" वसकन अंगावर आले! "तू शिकलीस ना? मग मला काय विचारतेस?" माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता त्यांनी. आई म्हणाली, "दोन घासांवर उठतायत रोज. त्यांना तुझ्या झाडांचं काही सांगू नकोस बाई."

रिपोर्ट कुलसचिवांच्या टेबलावर आहे, खाली माझी सही. आता कुठल्या तोंडाने सांगू — शंका येतेय म्हणून? आणि फांदी एखाद्या पोराच्या डोक्यात पडली तर? भीती वाटते.

रविवार, ९ मार्च
बाबा सकाळीच सायकल काढून गेले. मागोमाग पोचले, तर शिरीषापाशी बसून छिन्नीने साल काढत होते. मोठा ढलपा निघाला — आत सिमेंट! म्हणून टणक वाजत होतं.

"पोकळी मीच भरली. तू शाळेत होतीस तेव्हा. वरून साल वाढली, कुणाला कळलं नाही. नाहीतर तोडलं असतं गं विद्यापीठवाल्यांनी."

बाबा उठले, गुडघ्यांवरची माती झटकली.

"रिपोर्टात माझं नाव घाल. आणि उद्या कुणाला बसू देऊ नकोस इथे."