शेडच्या दारातला कोरडा ट्रे

दि. ११ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद. सासुरवाडीत तुझं खाणंपिणं व्यवस्थित चाललं असणारच, तेव्हा ते विचारत नाही. माझा गुडघा दुखतो, पण तो तुझ्या पोल्ट्रीच्या आधीपासून दुखतोय. त्याचा आळ तुझ्यावर नाही.

दोन्ही शेड रिकामी झाली. पांढऱ्या पोशाखातली माणसं सगळे पक्षी मारून, मागच्या खड्ड्यात चुना टाकून पुरून गेली. मग माझ्या अंगणात आली. माझ्या तीन कोंबड्याही बर्ड फ्लूच्या हद्दीत येतात म्हणे. त्यातली काळ्या मानेची, ताठ चालणारी आठवते? कॉन्व्हेंट शाळेतल्या मोठ्या सिस्टरवरून मी तिला मदर म्हणायचे. कुणाच्या हाती लागायची नाही. माझ्याकडे मात्र आपणहून आली. पोत्याचं तोंड बांधेपर्यंत मी तिथेच उभी होते. असो.

आता पक्ष्यांचं दाणापाणी बघणाऱ्या शेडवालीचं. जनावरांच्या सरकारी डॉक्टरांना हिनेच फोन केला, असं चारचौघांत म्हणून तू तिला काढलंस. काल ती आली होती. "ताई, आता मला कुठल्याच शेडवर उभं करत नाहीत. तुम्ही तरी दादांना सांगा ना." मी चहा दिला. तिच्याकडे बघवलं नाही.

तिचं काय चुकलं रे? पाय बुडवायचा दारातला जंतुनाशक औषधाचा ट्रे तू फक्त तपासणीच्या दिवशी भरायचास. एरवी त्यात तुझा कुत्रा झोपायचा. ती औषध मागून थकली. तू म्हणायचास, "कोंबड्यांच्या लग्नाला चाललीस का पाय धुऊन?" सगळे हसायचे.

मग पक्ष्यांचे तुरे निळे पडले, शेडमध्ये मेलेल्यांचे ढीग लागले. डॉक्टरांना कळव म्हटलं, तर तू म्हणालास, "ताई, तू जन्मभर लोकांचे फोन जोडलेस, कोंबड्यांतलं तुला काय कळतं?" आणि माझ्यासमोरच टेम्पो सांगितलास. दुसऱ्या शेडमधले अजून बरे दिसणारे पक्षी सकाळी बाजारात काढायला. तिथून ते कुणाकुणाच्या दारात गेले असते, याचा विचारही तुझ्या मनात आला नाही.

टेलिफोन खात्यात आमची एकच शिस्त होती. कानावर पडलेलं तिथेच सोडायचं. निवृत्त होईपर्यंत मी ती पाळली. तुझं ते बोलणं मला सोडता आलं नाही. नंबर मी फिरवला, धाकट्या. तिकडून नाव विचारलं, तेही सांगितलं. आडनावासकट. तुझंच आहे ते.

माफी मागत नाही. उद्या पुन्हा तसंच घडलं तर पुन्हा फोन करीन. तू शेडवालीला जिथे बोललास, तिथेच, त्याच लोकांसमोर मी हे सांगणार आहे. ते तुला दुसऱ्याकडून कळू नये, म्हणून हे पत्र. तिला परत बोलव. माझ्याशी बोलायचं की नाही, ते तुझं तू ठरव.

ट्रे घासून, औषध भरून ठेवलाय. कुत्रा बाजूच्या फरशीवर झोपतो. माझ्या घरी आला नाहीस तरी चालेल, पण शेडवर जाशील तेव्हा पाय बुडवून जा.

तू नाही म्हणालास तरी तुझीच,
ताई