गिरणीचा धागा आणि ल्योंची थंडी

८ डिसेंबर १९५५. ल्यों.

सायंकाळी गाडीतून उतरलो. स्टेशनाबाहेर येऊन पाहतो तर शहरातल्या प्रत्येक खिडकीत दिवे. रस्ते माणसांनी भरलेले. सेलूहून निघालो तेव्हा निरोपाला बायको अन्नपूर्णा आणि शेजारच्या जिजाबाई, एवढाच समुदाय होता. आणि परक्या शहरात हे स्वागत. दोन्ही बाजूंना हात जोडत चाललो.

घ्यायला चंद्रभान आला होता. आमच्याच वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीचा. इथल्या विणकामाच्या शाळेत रेशमाची यंत्रं शिकतो. तो म्हणाला, हे दिवे मेरीमातेसाठी, दर वर्षी आजच्या दिवशी लावतात. असेल. पण नेमका आजच मी यावा, यालाही काही अर्थ असेलच.

९ डिसेंबर.

आजपासून नियम. पहाटे उठून थंड पाण्यानं स्नान. मग टकळीवर सूत. मग फ्रेंचचा अभ्यास. फेब्रुवारीअखेर इथल्या ग्रामजीवन मित्रमंडळात माझं व्याख्यान आहे, विषय 'यंत्र आणि माणूस'. मंडळाच्या लुसीबाई वर्ध्याला येऊन सूत कातायला शिकून गेल्या होत्या. तिथं माझं भाषण त्यांनी तीन तास ऐकलं आणि एक अक्षर न कळता आमंत्रण दिलं. वाणीचा प्रभाव भाषेवर अवलंबून नसतो. तरी व्याख्यान फ्रेंचमध्येच द्यायचं. दोन महिने पुष्कळ झाले.

आणि मुख्य गोष्ट, प्रतिज्ञा. निघण्याआधी सेलूच्या बाजारात, भरल्या सभेत, मी सांगून आलो आहे की युरोपात गिरणीचा एक धागा जरी माझ्या अंगाला लागला तर पुन्हा जन्मात व्यासपीठावर चढणार नाही. गावचे बाबाराव पहिल्या रांगेत होते. ते माझ्या भाषणात नेहमी झोपतात. त्या वाक्याला मात्र जागे झाले.

१८ डिसेंबर.

थंड स्नान तूर्त बंद. माझ्यामुळे नाही. घरमालकीण मादाम गिरो यांना पहाटे नळाचा आवाज सहन होत नाही. विधवा बाई, वय झालेलं. स्त्रीच्या झोपेचा मान राखणं हाही धर्म आहे.

खोली क्र्वा-रूसच्या टेकडीवर, चौथ्या मजल्यावर. ही विणकरांची जुनी वस्ती. माग मावावेत म्हणून छतं अवाढव्य उंच. माग गेले, छत राहिलं. शेगडीची सगळी ऊब वर जाऊन छताला चिकटते. खाली मी.

फ्रेंच प्रगतीवर. 'मेर्सी' उत्तम येतं.

१ जानेवारी १९५६.

नव्या वर्षाची सहल. फुर्व्हिएरच्या टेकडीवर मोठं देऊळ आहे. वर जायला दोरखंडानं ओढायची गाडी आहे. मी चंद्रभानला म्हणालो, गिरडच्या टेकडीवर शेख फरीदबाबांच्या दर्ग्याला लोक काय दोरखंडानं जातात? पायी चढलो. वरून शहर, दोन नद्या, धूर. चंद्रभानला तिथंच यंत्रयुगावर थोडं सांगितलं. तो पाव खात होता. इथले लोक पाव उघडाच काखेत धरून नेतात आणि आपल्याला स्वच्छता शिकवतात.

उतरताना गाडीनं आलो. गुडघा. शिवाय शत्रूचं यंत्र आतून पाहिलेलं बरं.

१५ जानेवारी.

बागेत बाकावर बसून टकळी फिरवली. लोकांनी धडा घ्यावा हा उद्देश. एका बाईनं थांबून पाहिलं. तिच्याबरोबर कुत्रा होता, कुत्र्याच्या अंगात कोट. कुत्रा माझ्याकडे दयेनं पाहत होता. या देशात जनावरंसुद्धा मऊ पडली आहेत. मी धोतर, सदरा, बंडी आणि खादीची शाल. ताठ बसलो. नाक वाहत होतं, ते आनुवंशिक आहे.

चंद्रभान कातडी जाकीट घालून हिंडतो. त्याला चार शब्द सुनावले. तो म्हणाला, बेचाळीसात आष्टीनं काय केलं ते माहीत हाय न अण्णाजी? आष्टीच्या माणसाशी देशभक्तीवर वाद घालता येत नाही. ते लगेच बेचाळीसच्या उठावावर येतात, मग विषय जाकिटाचा असो की जेवणाचा.

२ फेब्रुवारी.

काल रात्रीत थंडी पडली. पडली म्हणजे कोसळली. चौकातलं कारंजं गोठून उभं आहे. टेबलावरच्या पेल्यातलं पाणी गोठलं. मादाम म्हणते, इतकी थंडी तिनं पूर्वी पाहिली नाही. ही माझी परीक्षा आहे आणि शहराला ती माझ्याबरोबर भोगावी लागते आहे, याचं वाईट वाटतं.

सदरा आणि बंडीच्या मधे वर्तमानपत्रं भरली. वर्तमानपत्र म्हणजे कागद, धागा नव्हे. चाललं की कर्रकर्र वाजतं. चंद्रभान आला, ऐकत राहिला, मग म्हणाला, "अण्णाजी, काऊन कुडकुडून राह्यले? घाला न एखादं सेटर आंगात. सेलू काय खिडकीतून पाहून राह्यलं?" मी त्याला तत्त्व आणि साक्षीदार यांतला फरक समजावून सांगितला. दात वाजत असल्यामुळे थोडा वेळ लागला.

४ फेब्रुवारी.

मादामनं लोकरी ब्लँकेट आणून दिलं. नीट विचार केला. ब्लँकेट हे अंथरूण-पांघरूण आहे. प्रतिज्ञा कपड्यांविषयी होती. झोपलेला माणूस कपडे घालत नाही, पांघरतो. घेतलं.

५ फेब्रुवारी.

ब्लँकेट गुंडाळून बाजारात गेलो. पांघरलेलंच होतं. मधे उभा राहिलो, इतकंच.

७ फेब्रुवारी.

मादामच्या दिवंगत नवऱ्याचा ओव्हरकोट कपाटात नुसताच टांगलेला होता. गुडघ्याखाली येतो. आत शिरून पाहिलं. ओव्हरकोट हे वस्त्र नाही, ते घर आहे. त्याला भिंती आहेत, वर छपरासारखी कॉलर आहे, सामान ठेवायला खिसे आहेत. आत मी खादीतच आहे. गिरणीच्या विटांच्या घरात राहिल्यानं कोणी गिरणीवाला होत नाही.

चंद्रभाननं हा युक्तिवाद शांतपणे ऐकला आणि म्हणाला, वकील झाले असते तर नागपूरले नाव काढलं असतं. बऱ्याच दिवसांनी समजूतदार बोलला.

११ फेब्रुवारी.

स्वेटर. मादामनं स्वतःच्या हातानं विणला आहे. हातानं. हस्तव्यवसायाला उत्तेजन देण्यासाठीच मी या देशात आलो आहे. म्हाताऱ्या बाईच्या दोन सुया आणि आमची टकळी, बहिणी बहिणी. नाही म्हटलं असतं तर तो खेड्यातल्या कारागिरीचाच अपमान होता. लोकर कुठली हे विचारलं नाही. दिलेल्या वस्तूची चौकशी करू नये.

१३ फेब्रुवारी.

ताप. छातीत घरघर. डॉक्टर आला, माझ्या छातीवरून वर्तमानपत्रं काढून बाजूला ठेवली, त्यातलं एक थोडं वाचलंही. मादामशी बोलला. चंद्रभाननं भाषांतर केलं की अंगाला लागून लोकरीचं पाहिजे, नाहीतर फुफ्फुस जाईल. मादामनं नवऱ्याची लोकरी बनियन आणि लोकरी पायजमा आणला. तपकिरी. मऊ. अतिशय मऊ.

डॉक्टरनं सांगितलं तेव्हा ते औषध झालं. औषध कुठल्या कारखान्यातून आलं हे रोगी विचारत नाही.

१९ फेब्रुवारी.

ताप गेला. औषध चालू आहे. ते मधेच सोडू नये.

आज मोठ्या बागेतलं तळं पाहायला गेलो. पूर्ण गोठलेलं, त्यावर लोक सुऱ्या लावलेल्या बुटांनी घसरत होते. हसत होते. असल्या दिवसात हसतात, गांभीर्य नाही. मी चंद्रभानला म्हणालो, बर्फावर उभं राहणं हा मनोनिग्रहाचा प्रश्न आहे. तळ्यावर पाऊल टाकलं. थोडा वेळ मनोनिग्रह टिकला. पडलो तेव्हा लागलं नाही. औषध, स्वेटर, बंडी, घर, सगळं मधे होतं.

२५ फेब्रुवारी.

उद्या व्याख्यान. फ्रेंचमध्ये देण्याचा विचार सोडला. फ्रेंच भाषेत माझा आवेश मावत नाही. मी मराठीत बोलेन, चंद्रभान फ्रेंच करील. त्याला ताकीद दिली की एकही उपमा गाळायची नाही.

पोशाख वरून शुद्ध खादीच. धोतर, सदरा, बंडी, शाल. आत औषध. औषध दिसत नसतं.

२६ फेब्रुवारी, रविवार. सायंकाळ.

हॉल भरून गेला होता. बायका, म्हातारे, विणकर, पोरंबाळं, जागा मिळेना म्हणून उभे. शहराला माझी भूक होती. चंद्रभान म्हणतो, कोळसा मिळत नाही, घरं गार आहेत आणि मंडळानं इथं दोन शेगड्या लावल्याचं सगळ्या वस्तीत कळलं होतं. त्याला माणसांच्या आत्म्यात कधीच काही दिसत नाही.

सुरुवात झकास झाली. माझं वाक्य लांब, पल्लेदार. त्याचं फ्रेंच दोन शब्दांत संपायचं. गरीब भाषा. शेगड्या भडकलेल्या. मला घाम सुटला. शाल काढून फेकली, टाळ्या पडल्या. आवाज चढला. यंत्रानं माणसाचा हात कापला, म्हणालो. गिरणीनं गाव गिळलं, म्हणालो. या ठिकाणी मी सेलूच्या, आष्टीच्या, देवळीच्या बाजारात नेहमी जे करतो तेच हातानं आपोआप केलं. बंडीची आणि सदऱ्याची बटणं ओढून छाती उघडी केली आणि गर्जलो, बघा, या छातीवर गिरणीचा एक धागा नाही.

चंद्रभाननं भाषांतर केलं नाही. तो माझ्या कानाशी आला.

"अण्णाजी, बंडी लावून घ्या न. बाईचा नवरा दिसून राह्यला."

खाली पाहिलं. तपकिरी बनियन. गळ्याशी लाल धाग्यानं गिरणीचं नाव.

पहिल्या रांगेत मादाम गिरो उठून उभी राहिली. बोलू लागली. तिचा आवाज मी जिन्यात, स्वयंपाकघरात ऐकला होता, असा कधी ऐकला नव्हता. चंद्रभान हळूहळू सांगत गेला. ही बनियन तिच्या एत्येनची. शहराबाहेरच्या लोकरीच्या गिरणीत तो आयुष्यभर होता. ही लोकर त्याच्या खात्यातली. धुळीनं लागलेला त्याचा खोकला कधी गेला नाही. संपात त्यानं मार खाल्ला. आणि थंडीत तो म्हणायचा की मी बनवलेलं अंगात घालून कोणी तरी जगत असेल. आज तिनं ते पाहिलं. या परदेशी माणसाचा जीव एत्येनच्या लोकरीनं वाचला.

लोक उभे राहिले. पुष्कळ वेळ टाळ्या वाजत होत्या. म्हातारे विणकर डोळे पुसत होते. मी छाती उघडी ठेवूनच उभा होतो, कारण झाकली असती तर वाईट दिसलं असतं.

मग तिला आणखी बोलायला सांगितलं. ती गिरणीविषयी बोलली. माझ्या भाषणाचा उरलेला भाग राहिला.

२८ फेब्रुवारी.

बाहेर गेलो नाही. विचार केला.

लोकर शुद्ध मेंढीची. मेंढी खेड्यातली. गिरणीचा संबंध आला तो मधल्या काळात, थोडाच. शिवाय टाळ्या माझ्या छातीकडे पाहून वाजल्या, हेही विसरता येत नाही.

चंद्रभान आला. म्हणाला, "सेलूले गेल्यावर सभेतच सांगून टाकजा, गिरणीच्या बनियनीनं वाचलो म्हणून. लोक ऐकतीन. तुमचं पहिल्यांदा ऐकतीन." मी त्याला बाहेर जायला सांगितलं. गेला नाही. शेगडी पेटवून दिली, मग गेला.

ते सांगायचं तर उभं कशावर राहायचं? शेत भाऊ करतो. घर अन्नपूर्णा चालवते. माझ्याजवळ आवाज आहे. चौकात उभं राहून चार माणसं थांबवता येतात, एवढंच मी आयुष्यात मिळवलं. ते गेलं तर बाबाराव बाजारात भेटले की काय बोलायचं? पावसापाण्याचं?

आज सूत कातलं नाही. बनियन काढून ठेवली होती. दुपारी पुन्हा घातली.

१ मार्च.

लुसीबाई आल्या. फार आदरानं बोलल्या. म्हणाल्या, व्याख्यान मंडळाच्या स्मरणात राहील. मी विनयानं मान हलवली आणि पुढच्या व्याख्यानाला कोणता विषय घ्यावा याचा विचार करू लागलो. प्रतिज्ञेचा अर्थ सेलूपुरता मर्यादित धरता येतो, असं मनाशी जुळतही आलं होतं.

पुढच्या रविवारी मादाम गिरो बोलणार आहे. गिरणीतलं आयुष्य. सगळी वस्ती मागते आहे, मोठा हॉल घेतला आहे. मला यायचा आग्रह. आणि हात कमी पडतात म्हणून विचारलं, सकाळी लवकर येऊन खुर्च्या मांडायला मदत कराल का?

हो म्हणालो. मादामची खुर्ची वर व्यासपीठावर नेऊन ठेवावी लागेल. पण ती ठेवून लगेच खाली यायचं आहे, त्याला चढणं म्हणत नाहीत. मोठा हॉल सकाळी गार असतो. आतून लोकरीचं घालूनच जाईन.