खिंडीतला नारळ

प्रिय राणी,

'प्रिय' लिहिलं म्हणून हसू नगंस. ज्ञानू म्हणला, पत्र असंच सुरू करत्यात. आमी दोघं खिंड उतरून पलीकडच्या गावात सुखरूप पोचलोय. तुझा ह्यो दीर गाडीला तेल बघाय गेलाय आन् मी एका घरात शेगडीला चिकटून बसलीया. बोटं अजून वळत न्हाईत, तवा अक्षर गोड मानून घे.

दिवाळीत तुझा बाप तुझ्यासाठी कुंडलच्या आकारामचं स्थळ घेऊन आला, तवा मी त्याला पाणीबी विचारलं न्हाई. माझा पोरगा जिता हाय, असं दारातच सांगितलं. तू आत भाकरी थापत होतीस. जेवताना एवढंच म्हणालीस, आत्या म्हणतील तसं. चार वर्सं तू हेच म्हणत आलीस, पर ह्या खेपेला मी हातातली भाकरी खाली ठेवली. म्हणून म्हणले, फौजेत असताना अमृत ज्या बर्फाच्या डोंगरात हरवला तो एकदा ह्या डोळ्यांनी बघून येती, मग काय ते सांगती. तुझा बाप अजून माझ्या उत्तरासाठी थांबलाय, हे मी इसरले न्हाई.

मला चारचाकी लागती हे तुला ठावं हाय. आटपाडीवरनं सांगलीला जायचं तर ओकाय पिशव्या पुरत न्हाईत, मग ही वळणं कुठली सोसायची. ज्ञानूनं भाड्यानं मोटारसायकल घेतली. मी आपली नेहमीसारखी एका अंगाला पाय सोडून बसले, तर तो गाडीच सुरू करंना. शेवटी त्याची पँट लुगड्याखाली चढवली आन् गड्यावाणी दोन्हीकडं पाय टाकून बसले. वरनं घोंगडी. भावकीनं बघितलं असतं तर त्यास्नी सालभर तेवढंच पुरलं असतं.

पर चढाला लागलो आन् माझी बडबड बंद झाली. वारा दातात शिरत होता. रस्त्यावर आलेलं ओढ्याचं पाणी गोठून घट्ट झालेलं. तितं ज्ञानू दोन्ही पाय खाली टेकवत गाडी पुढं काढायचा. एकदा घसरलोच. मी बर्फात बसले, पदर झाडला आन् परत चढले. दम पुरत न्हवता, डोकं ठणकत होतं. वाटेत बकऱ्या राखणारी माणसं दिसली की मी ज्ञानूच्या पाठीवर थाप मारायची. तो गाडी थांबवायचा आन् मी एकेकाचं तोंड बघून घ्यायची. पुढं तो मी थाप मारायच्या आधीच थांबाय लागला.

माझ्या मनात काय होतं ते तुला कवा नीट सांगितलं न्हाई. मेंढरं घेऊन आमी कोयनेच्या अंगाला जायचो, तवा मेढ्याच्या माळावर आमचा तळ पडला होता. माघाचा गारठा, वर आभाळ, आन् तितं अमृत जन्मला. घोंगडीत गुंडाळून ठेवला, सकाळी दूध प्याला. पुढं बारा महिने उघड्यावरच वाढला. म्हणून बर्फाचा कडा कोसळला, त्याच्या संगतीचे दोघं जवान घावले आन् हा घावला न्हाई, हे कानावर आलं तवा मी म्हणले, थंडीनं धनगराचं पोर मरत नसतं. कुणा मेंढक्यानं त्याला घरात घेतला आसंल, त्याला सुद नसंल, पर हाय. चार वर्सं मी ह्यावर जगले. तुलाबी ह्यावरच जगवलं.

खिंडीच्या माथ्यावर पोचलो. आपल्यात घाट चढून आलं की खिंडीतल्या देवाला नारळ फोडायचा, पुढची वाट सुखाची दे म्हणायचं. मी आटपाडीवरनं नारळ आन् भंडारा नेला होता. नारळ गाडीच्या मागं पिशवीत बांधलेला, आदल्या राती तसाच भाईर राहिला. मी दगडावर हाणला. दोन भकलं झाली, पर पाणी सांडलंच न्हाई. आत नुसता बर्फाचा गोळा. मी तो हातात घेऊन बघतच राहिले. तितं पहाऱ्यावर कोयनानगरचा एक पोरगा होता. त्यानं माझ्या हातातनं तो गोळा हळूच काढून घेतला आन् म्हणला, "मावशी, हितं आतलंबी गोठतं."

राणी, एवढी जाड करवंटी. तिच्या आतलं पाणी एका रातीत गोठलं. माझं लेकरू कातड्याचं होतं गं. मी खाली बसले आन् पोटातनं रडले, चार वर्सांत पयल्यांदा. ज्ञानूबी रडला. मग उतारावर जितं कडा कोसळला होता तितं भंडारा उधळला, आन् अमृतचं नाव घेऊन त्याला जा म्हणले.

हे फोनवर सांगितलं असतं तर तुझा आवाज ऐकून मी फिरले असते. घरी येऊन तुझं कपाळ बघितलं असतं तर तोंडच उघडलं नसतं. म्हणून लिहिलं. ज्ञानू ह्याचा फोटो काढून तुला धाडंल. मी यायच्या आत वाच आन् पोटभर रडून घे. बांगड्या फोडायच्या न्हाईत, कुकू पुसायचं न्हाई. कोण बाई सांगाय आली तर म्हण, सासू येऊ दे. मग बापाला फोन लाव, भामाबाईचा होकार हाय म्हणून सांग. आकाराम माणूस चांगला हाय, मी तवाच चौकशी केली होती. तरीबी लगीन ठरायच्या आधी तू त्याला बघ, मनात बसला तर व्हय म्हण. ह्या खेपेला आत्या म्हणतील तसं म्हणायचं न्हाई. अमृत गेला हे मी माझ्या डोळ्यांनी बघून आले, तरी दार वाजलं की मान वळणारच. ती आता माझी एकटीची वळू दे. तू कुंडलला जा.

तुझीच,
भामाबाई